राखून ठेवलेला आवाज

मिरजेच्या डॉक्टरीणबाईंनी माझ्या नाकातून बारीक दुर्बीण घातली आणि समोरच्या पडद्यावर मला माझाच गळा आतून दाखवला. दोन पांढरट पट्ट्या उघडत-मिटत होत्या आणि दोन्हींच्या मध्यावर, समोरासमोर, बाजरीच्या दाण्याएवढ्या गाठी होत्या. ज्या आवाजावर मी इतकी वर्षं मिशीला पीळ भरत आलो, तो असल्या ओलसर, केविलवाण्या जागेतून निघतो हे बघून मला जरा लाजच वाटली. बाई म्हणाल्या, वाईट काही नाही, घाबरू नका. शेजारी उभ्या असलेल्या बायकोनं तिथंच पदरानं डोळे पुसले.

मी हायस्कूलवर शिक्षक आहे, पण सांगली-साताऱ्याकडे मला ओळखतात ते कुस्तीच्या मैदानातला निवेदक म्हणून. चैत्र लागला की गावोगावच्या जत्रा सुरू होतात आणि जत्रा म्हटली की कुस्त्यांचं मैदान आलंच. दुपारी उन्हं कलायला लागली की हातात माईक घ्यायचा आणि शेवटची कुस्ती सुटेपर्यंत खाली ठेवायचा नाही. पैलवान कुठल्या तालमीचा, वस्ताद कोण, आत्ता टाकला तो डाव कुठला, मध्येच कुणी इनाम पुकारलं तर ते, आणि गर्दी सुस्तावली की हलगीवाल्याला डोळ्यानं खूण. पार मागे झाडावर बसलेल्या माणसालाही माझ्या बोलण्यातून कुस्ती दिसते असं लोक म्हणतात. मी फक्त ते पुन्हा सांगतो. पुन्हा पुन्हा सांगतो, असं बायकोचं म्हणणं आहे.

बाईंनी विचारलं, शाळेत बोलता, मैदानात बोलता, मग गळ्याला विश्रांती कधी देता? मी मोठ्या रुबाबात सांगितलं, घरी. म्हणजे घोगऱ्या, फाटक्या आवाजात सांगितलं, पण रुबाब तोच होता. मैदानाच्या आदल्या दिवशी मी घरात बोलत नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तोंडात ज्येष्ठमधाची काडी, प्यायला कोमट पाणी आणि डोक्यावरून उपरणं घेऊन आतल्या खोलीत पडून राहायचं. घरात सगळ्यांना ते ठाऊक आहे. टीव्ही बारीक होतो, भांड्याला भांडं लागू देत नाहीत. शर्यतीच्या बैलाला जपतात तसा मी माझा आवाज जपला, असं मी बाईंना सांगितलं तेव्हा बायको खिडकीतून बाहेर बघत होती.

बाई म्हणाल्या की आता तीन आठवडे एक अक्षरसुद्धा बोलायचं नाही. कुजबुजायचंही नाही, त्यानं उलट गळा जास्त ताणला जातो. भरपूर पाणी, पुरेशी झोप, जागरण बंद. गाठी विरल्या तर उत्तमच, नाही विरल्या तर शस्त्रक्रिया, आणि त्यानंतर आवाज पहिल्यासारखा राहीलच असं नाही. हे शेवटचं त्या हळू बोलल्या, पण मला तेवढंच मोठ्यानं ऐकू आलं. नेमका हंगाम भरात होता. माझ्या डायरीत मैदानांच्या तारखा एकमेकींना खेटून उभ्या होत्या आणि शाळेला सुट्टी लागली होती. सुट्टी म्हणजे विश्रांती असते हे मी पोरांना निबंधात लिहायला सांगतो, स्वतः कधी करून बघितलं नव्हतं.

घरी आम्ही तिघं. मुलगी लग्न होऊन साताऱ्याला. आई काचबिंदूनं दृष्टी गेलेली, उजेड आणि हलणारी सावली एवढंच तिला कळतं. घराच्या पुढच्या सोप्यात तिची लोखंडी खाट आहे, दारातून वारं येतं तिथं. कोण आलं, कोण गेलं, हे ती चपलांच्या आवाजावरून ओळखते. माझी चप्पल फरफटते म्हणून मी तिला फाटकापासूनच कळतो.

मिरजेहून आल्यावर मी सगळ्या कमिट्यांना मेसेज टाकले. बायकोला कागदावर लिहून दिलं, आईला नीट समजावून सांग, नाहीतर तिला वाटेल मी रागावलोय. आमच्याकडे घरात एकानं बोलणं बंद केलं की त्याचा अर्थ एकच होतो, अबोला. भावाभावांत बांधावरून धरलेला अबोला तेराव्यापर्यंत न सुटलेला मी बघितला आहे. आईला फोनवरचा मेसेज वाचता येत नाही, कागद दिसत नाही, आणि मी बोलू शकत नाही. सगळ्या जगाला मी काही ना काही कळवू शकत होतो, खाटेवरच्या त्या एका बाईला सोडून. म्हणून मला घाई होती.

पहिले दोन दिवस मी नुसता झोपलो. इतकी झोप माझ्या अंगात साठलेली असेल याची मला कल्पना नव्हती. दुपारी जेवून आडवा झालो की दिवेलागणीला जाग यायची. तिसऱ्या दिवशी उठलो तर मानेमागं कायम असणारी ती ठणक गेली होती. भाकरीला भाकरीची चव लागली. चिडचिड करायलाच तोंड बंद, त्यामुळे तीही कमी झाली. पण बरं वाटायला लागलं तसं मला चोरी केल्यागत वाटायला लागलं. बायको सकाळी म्हैस पिळून, स्वयंपाक उरकून रानात जात होती आणि मी घोड्यासारखा माणूस खाटेवर लोळत पाण्याची बाटली तोंडाला लावत होतो. मी लिहून दिलं, मी शेण काढतो, वैरण टाकतो. ती हसली आणि म्हणाली, "डाक्टरनं गळ्याला सुट्टी दिलीया, हाताला न्हाई." मग गोठा माझ्याकडे आला आणि मनाला थोडा आधार मिळाला.

चौथ्या दिवशी संध्याकाळी जेवताना सहज मनात आलं, की आईनं माझ्या गळ्याबद्दल काहीच कसं विचारलं नाही. एरवी कुणी नुसतं खोकलं तरी ती ओव्याचा काढा सुचवते. मी मोबाईलवर टाईप करून बायकोसमोर धरलं. आईला सांगितलंस तेव्हा ती काय म्हणाली? बायकोनं घास हातातच धरला.

"आवं, सांगायचं राहूनच गेलं की. त्या दिवशी पाहुणं आलं, आन् मग ध्यानातनंच गेलं."

माझा पारा चढला. चार दिवस आईच्या मनात काय काय आलं असेल. खाटेवर पडल्या पडल्या तिनं स्वतःच्याच कुठल्या तरी बोलण्याला दोष दिला असेल, आपण पोराचं काय बिघडवलं म्हणून झुरली असेल. मी ताटावरून उठलो, बायकोला हातानंच खूण केली, चल, आत्ताच्या आत्ता सांग. सोप्यात आई भाकरी दुधात कुस्करून खात बसली होती. बायको तिच्याजवळ खाली बसली आणि सगळं सांगितलं, मिरज, दुर्बीण, गाठी, तीन आठवडे बोलायचं नाही, चार दिवस झाले. मी दारात उभा राहून आईचं तोंड बघत होतो.

"व्हय?" आई म्हणाली. "मला काय कळलंच न्हाई. मला वाटलं नेहमीगत हाय."

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मला सोसला असता, आमच्या घरात त्याची सवय आहे. तिनं वाटी बाजूला ठेवली, हात पुढे करून चाचपडत मला जवळ बोलावलं आणि माझ्या गळ्यावरून बोटं फिरवली. लय दुखतंय का रं, म्हणून विचारलं. मी मान हलवली, मग लक्षात आलं की तिला ते दिसत नाही.

त्या रात्री मला झोप लागली नाही असं लिहायला मला आवडलं असतं, पण मी झोपलो. शरीर झोपेला इतकं भुकेलेलं होतं की अपराधी वाटायलाही त्याला सवड नव्हती. सकाळी मात्र गोठ्यात शेण काढताना ते पहिल्यांदा नीट आठवलं आणि खोरं हातात धरून मी उभाच राहिलो. आई माझ्याबरोबर एका घरात राहते. मी चार दिवस पूर्ण मुका होतो आणि तिला काही फरक जाणवला नाही.

मी हिशेब मांडायला लागलो, स्वतःच्या बाजूनं. आपण कामाचा माणूस आहोत. मैदानं काय मौजेसाठी करतो? त्यातूनच सोप्याची फरशी झाली, आईच्या डोळ्यांची औषधं आली. बाहेर जीव तोडून बोलायचं तर घरी गप्प बसावंच लागतं, दोन्हीकडे कसं पुरणार. सगळं पटण्यासारखं होतं आणि काहीही पटत नव्हतं. शेवटचं आईशी नीट, बसून, कधी बोललो होतो ते आठवायचा प्रयत्न केला. दिवाळीत? दिवाळीत मी म्हणालो होतो की डोळ्यांत थेंब घातलेस का. त्याच्या आधीही तेच. औषध घेतलंस का, जेवलीस का, दार लावून घे. विजेचं बिल भरणाऱ्यानं मीटरशी बोलावं एवढंच माझं तिच्याशी बोलणं होतं.

तेव्हापासून मी दुपारी तिच्या खाटेपाशी खुर्ची टाकून बसायला लागलो. बायकोला हे बघून गंमत वाटली. आईला माझी चाहूल लागायची. ती हात पुढं करायची आणि मी माझा हात द्यायचो. एकदा दाबला की होय, दोनदा दाबला की नाही, असं तिनंच ठरवलं. मग ती विचारत राहायची. म्हशीनं दूध किती दिलं, हे दाबून सांगता येत नाही म्हटल्यावर हसायची आणि दुसरं विचारायची. पोरीचा फोन आला होता का. तिकडं पाणी येतंय का. तुला आपल्या गावच्या तालमीतली ती पायरी आठवती का, जिच्यावरनं पडलावतास. मी दाबत राहायचो. माझ्या हाताला तिच्याशी एवढं बोलता येतं हे मला नवीन होतं.

पण हे सुख चाखतानाही मनात कुठंतरी टोचत होतं, कारण मी तिथं बसलो होतो तो गळा बिघडल्यामुळे. गळा धड असता तर त्या दुपारी मी दहिवडीच्या अलीकडे कुठल्यातरी मैदानात असतो आणि ती खाटेवर एकटी असती, हे मला माहीत होतं आणि तिलाही. शिवाय खोटं कशाला बोलू, मैदानाची आठवण येतच होती. माझ्या जागी एक नवीन निवेदक जात होता. लोक सांगायचे, बरा बोलतो, पण तुमची सर नाही. ते ऐकून मला गार वाटायचं. आईचा हात हातात घेऊन मी मनात त्या बिचाऱ्याच्या चुका काढत बसायचो.

मग एका दुपारी गोठ्यातलं काम जरा लवकर उरकलं. हातपाय धुऊन मागच्या दारानं आत आलो तर सोप्यातून माझा आवाज ऐकू आला. भरदार, गोल, मैदान भरून टाकणारा, गाठी यायच्या आधीचा आवाज. मागे हलगी. मी आतल्या दाराशीच थबकलो. आईच्या उशाशी बायकोचा मोबाईल होता आणि त्यावर कुठल्याशा जत्रेचा जुना व्हिडिओ लागलेला होता, कुणा पोरानं काढून नेटवर टाकलेला. आई डोळे मिटून, चेहरा मोबाईलकडे करून पडली होती.

बायको माझ्या मागे येऊन उभी राहिली. मी तिच्याकडे बघितलं तेव्हा ती हळूच म्हणाली की हे रोजचंच आहे. जेवण झालं की आत्या म्हणतात (सासूला ती आत्या म्हणते), लाव की गं त्याचं. गेली दोन-तीन वर्षं तरी. एरवी या वेळेला मी एक तर शाळेत असायचो, एक तर कुठल्या तरी मैदानाच्या वाटेवर, एक तर उपरणं घेऊन आतल्या खोलीत निजलेला. आता मी दुपारी खाटेपाशी बसतो म्हणून त्यांनी वेळ बदलली होती, माझ्या अंघोळीच्या आणि गोठ्याच्या वेळेला लावून घ्यायच्या. मला का सांगितलं नाहीस, असं मी हातानंच विचारलं. तिनं खांदे उडवले. त्यात सांगायसारखं काय होतं, असा त्याचा अर्थ असावा.

मोबाईलमधला मी तेव्हा एका पैलवानाच्या आईबद्दल बोलत होतो. कुस्ती जिंकलेल्या पोराला लोकांनी खांद्यावर घेतलं होतं आणि मी सांगत होतो की मंडळी, या पठ्ठ्याच्या आईला विसरू नका, त्या माउलीनं म्हशीचं दूध सगळं पोराच्या पेल्यात ओतलं आणि आपण ताकावर भागवलं. टाळ्या पडल्या. ते वाक्य माझ्या पेटीतलं हुकमी वाक्य आहे, ते टाकलं की टाळ्या पडतातच. त्या पैलवानाच्या आईला मी कधी बघितलंही नव्हतं. ताकावर भागवलं होतं ते समोर खाटेवर पडलेल्या बाईनं, मी तालमीत जायचो त्या वर्षांत. मी काही पैलवान झालो नाही, पण ती गोष्ट उचलली आणि जिल्हाभर, दिसेल त्या आईच्या नावावर वाटत सुटलो. जिची होती तिला एकदाही सांगितली नाही.

मी आत गेलो. चप्पल नव्हती तरी तिला कळलं. तिनं मोबाईल चाचपडून उचलला आणि बंद करायला बायकोच्या दिशेनं धरला. मग मला म्हणाली, "ती ताकाची गोष्ट लय झ्याक सांगतोस. तुला ध्यानात हाय व्हय रं ते सगळं?"

मी हात दाबला. एकदा. पुन्हा एकदा दाबावासा वाटला, पण दोनदा दाबला तर नाही असा अर्थ झाला असता, म्हणून नुसता धरून बसलो. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते तिला दिसत नव्हतं, हे एक बरं होतं. तेही मला नंतर खटकलं, की आईला दिसत नाही याचं मला बरं वाटावं.

तीन आठवडे संपले. आम्ही पुन्हा मोटारसायकलवरून मिरजेला गेलो. पडद्यावर गाठी बारीक झालेल्या दिसल्या, बाई खूश झाल्या. आता रोज दहा मिनिटं बोलायचं, हळू, ओरडायचं नाही. दर आठवड्याला थोडं वाढवायचं. मैदान? मैदान इतक्यात नाही, आणि पुढंही पूर्वीसारखं नाही, असं त्यांनी सरळ सांगितलं. तोल सांभाळा, म्हणाल्या. जपून वापरलात तर हा आवाज तुम्हाला म्हातारपणापर्यंत पुरेल. मी मान हलवली. शब्द वापरायची परवानगी होती तरी मी एकही वापरला नाही.

बाहेर येऊन मी बायकोकडे बघून तोंड उघडलं, तर तिनं माझ्या तोंडावर हात ठेवला. "मला न्हाई. घरला चला. पयलं आत्यासंगं बोला." मी मोटारसायकलला किक मारली आणि सांगलीच्या रस्त्याला लागलो. वाटेत मी काय बोलायचं ते ठरवत होतो. एवढ्या दिवसांनी तोंडातून निघणारं पहिलं वाक्य साधं कसं चालेल. दोन-तीन चांगली वाक्यं जुळली, मीच मनात त्यांना टाळ्याही दिल्या.

फाटकात गाडी लावली आणि खिशात मोबाईल वाजला. माण तालुक्यातल्या एका गावच्या कमिटीचे अध्यक्ष होते. मी बटण दाबलं, कानाला लावला आणि म्हणालो, "बोला."

बायको पिशवी घेऊन उभी होती. तिनं माझ्याकडे बघितलं आणि मग आत निघून गेली. मला तेव्हाही कळलं नाही. अध्यक्ष सांगत होते की त्यांच्या जत्रेला मुंबईची सगळी माणसं गावात आली आहेत, मैदान मोठं आहे, नवा निवेदक चालेल पण शेवटच्या कुस्तीला माईक तुमच्याच हातात पाहिजे, नुसतं उभं राहा, चार शब्द बोला. मी गळ्याचं सांगितलं, दुर्बिणीचं सांगितलं, गाठींचं वर्णन केलं, बाजरीच्या दाण्यांसकट. ते हळहळले. मग शेवटच्या कुस्तीला जोड कुठली लावलीय ते मी विचारलं, आणि कुणाचा पठ्ठा कसा आहे त्यावर आमचं बोलणं रंगलं. बघतो, जमलं तर येतो, असं म्हणून मी फोन ठेवला तेव्हा घशात चरचरत होतं. फाटकाच्या कडीवर हात ठेवून मी उभा राहिलो. दिवसाचं सगळं बोलणं मी अंगणात संपवलं होतं.

सोप्यात गेलो. आई खाटेवर उठून बसली होती, केस विंचरून, धुतलेलं लुगडं नेसून. बायकोनं तिला सकाळीच सांगून ठेवलं असणार. अंगणातलं सगळं बोलणं तिला ऐकू गेलं होतं, खाट दारातच तर आहे. मी तोंड उघडलं.

"न्हाई, न्हाई," ती म्हणाली. "आता गप ऱ्हा. आलं का न्हाई बोलणं, लय बरं वाटलं बघ. माझं काय, माझ्यासंगं उद्या बोल."

आयुष्यात माझा इतका अपमान कुणी केलेला नाही, आणि ती तर माझी काळजी घेत होती. रागवायला समोर कुणी नव्हतं. मी आत जाऊन खोलीतल्या खाटेच्या कडेवर बसलो आणि बायकोनं आणलेलं कोमट पाणी प्यायलो. तिनं काही बोलून दाखवलं नाही. बोलून दाखवलं असतं तर बरं झालं असतं, असं मला वाटलं.

सकाळी मी अध्यक्षांना मेसेज केला की जमणार नाही. त्यात त्याग वगैरे काही नव्हता, डॉक्टरांनी ओरडू नका म्हणून सांगितलंच होतं. तरीही नंतर त्यांनाही नाराज केलं म्हणून वाईट वाटत राहिलं. मग मोबाईल बंद करून कपाटात ठेवला, आईला ताट वाढून दिलं, तिचं जेवण झाल्यावर ताट उचललं आणि खुर्ची ओढून बसलो.

"आई," मी म्हणालो.

"व्हय," ती म्हणाली आणि माझ्याकडे वळून, हात मांडीवर घेऊन, सावरून बसली.

मोटारसायकलवर जुळवलेली ती वाक्यं आठवली. पण ती सगळी माईकची होती. एकही तिच्यापुढं ठेवण्यासारखं नव्हतं. हजारो माणसांपुढं मी दिवस मावळेपर्यंत बोललो आहे, कधी अडखळलो नाही. त्या खुर्चीवर मात्र काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, जेवलीस का.

"जेवले की," आई म्हणाली. "तूच तर ताट दिलंस आत्ता."

ती वाट बघत राहिली. बाहेर म्हशीनं दाव्याला हिसका दिला. आपल्या पोराला आपल्याशी बोलायला काही सुचत नाही, हे तिला कळलं असणार, कारण तिनंच मला सोडवलं. म्हणाली, दारातनं काय काय दिसतंय ते सांग. मोबाईलात सांगतोस तसं.

मी दाराकडे तोंड केलं आणि सांगायला लागलो. म्हैस उन्हातून सावलीत सरकली आहे. तुझी सून पलीकडच्या बांधावर वैरणीचा भारा बांधते आहे, एकटीच, गुडघा टेकवून दोरी आवळते आहे. शेजारच्यांनी अंगणात गहू वाळत घातलेत आणि त्यांचं कुत्रं बरोबर मधोमध जाऊन निजलंय. आईला हसू आलं. तिनं विचारलं, भारा उचलला का तिनं. मी सांगितलं, उचलतेय, डोक्यावर घेतला, आता तोल सावरला, निघाली. मला रंग चढला. पाठ ताठ झाली, छाती भरून आली, हात आपोआप तोंडापाशी आला, माईक धरतात तसा, आणि मी दारापलीकडे, रानापलीकडे बसलेल्या कुणाला तरी ऐकू जावं तसा बोलायला लागलो.

आईनं चाचपडून माझा तो हात शोधला आणि खाली आणला.

"हळू रं," ती म्हणाली. "मी हितंच हाय."